आर्किटेकशेठ

कुणाच्याही घरी गेला की तो आधी वर बघतो. यजमान 'या, बसा' म्हणत असतात, आतून पाण्याचा तांब्या निघालेला असतो, आणि हा उंबऱ्यातच मान मागे टाकून आढ्याकडे बघत उभा. नवख्या माणसाला वाटतं, पाल आहे. घरच्या बाईला वाटतं, जळमटं दिसली. ओतूरच्या एका म्हातारीने तर 'गळतंय का काय रं बाबा?' म्हणत खाली बादली आणून ठेवली होती, आणि बाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं. त्याचं लक्ष असतं तुळईवर. 'सांधा बघा सांधा,' तो म्हणतो, 'एक खिळा नाही मारलेला.' मग नजर खाली येते, जुन्या शहाबादीच्या जागी बसवलेल्या चकचकीत टाइलवर पडते, आणि तो एक शब्दही न बोलता पाणी पितो. ह्या न बोलण्यामुळे गावातल्या निदान दोन घरांची फरशीवाल्याशी भांडणं झाली आहेत.

जुन्नर तालुक्यात शेठ व्हायला सावकारी लागत नाही. टेम्पो घेतला, शेठ. टोमॅटोला एका हंगामात भाव सापडला, शेठ. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पडला तरी शेठ, उलट जरा जास्तच, कारण खर्च सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. पुण्यात पाच वर्षं शिकून पदवी घेऊन परत आलेल्या पोराला मग मोकळं कोण सोडणार? तो आला त्याच आठवड्यात आर्किटेकशेठ झाला.

आता कायद्याने बघायला गेलं तर हे नाव त्याला लावता येत नाही. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय कुणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं नाही. ह्याने नूतनीकरणाची फी भरणं सोडून दिलं, तेव्हाच तो हक्क गेला. पुढे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही सांगितलं की हा कायदा नावाला संरक्षण देतो, कामाला नाही. म्हणजे आराखडा कुणीही काढावा, फक्त पाटी लावू नये. आमच्याकडच्या मिस्त्रींना हा निकाल कुणी वाचून दाखवलेला नाही, पण ते तो पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले आहेत. एकूण परिस्थिती अशी, की काम करणारा कुणी ते नाव लावत नाही, आणि ज्याला ते नाव लावायची बंदी त्याला सगळा तालुका त्याच नावाने हाक मारतो.

तो ह्या वाटेला गेला कसा, ह्याचं खापर शाळेतल्या चित्रकलेच्या सरांवर फुटतं. शिवनेरी सगळीच पोरं काढायची, पण ह्याच्या शिवनेरीला दरवाजे नीट मोजून सात असायचे. सर म्हणाले, ह्याला आर्किटेक्चरला घाला. वडील, म्हणजे नाना, विकास सोसायटीचे चेअरमन होते. चेअरमनच्या मुलाने इंजिनिअर व्हायचं हे ठरलेलंच होतं, आणि आर्किटेक्ट म्हणजे सुबक अक्षराचा इंजिनिअर अशी त्यांची समजूत कुणीतरी करून दिली.

त्या पाच वर्षांत तो काय शिकला, हे त्याच्या घरात आजही कुणाला नीट सांगता येत नाही. माझ्या खताच्या दुकानातल्या बाकावर बसून त्यानेच एकदा मला समजावलं. रात्रभर जागायचं. पुठ्ठा कापून इमारतीचं मॉडेल करायचं, करताना बोट कापायचं, त्या बोटाला चिकटपट्टी लावायची आणि उरलेली चिकटपट्टी मॉडेलला. सकाळी ज्युरी. ज्युरी म्हणजे बाहेरून आलेली दोन-तीन माणसं, जी मॉडेलकडे बघून 'ह्यामागची कन्सेप्ट काय?' असं विचारतात आणि उत्तर चालू असताना चहा मागवतात. मग सगळं मोडून पुन्हा पहिल्यापासून. माझं मत विचाराल तर ह्या शिक्षणावर उगाच टीका होते. चारचौघांत अपमान ऐकून घेऊन त्याच रात्री पुन्हा कामाला बसायचं पाच वर्षांचं प्रशिक्षण दुसऱ्या कुठल्या पदवीत मिळतं? त्यानंतर माणूस शेती करू शकतो, राजकारण करू शकतो, लग्नसुद्धा टिकवू शकतो.

पुढे पुण्यातल्या एका ऑफिसात त्याला दरवाजे-खिडक्यांच्या तक्त्यावर बसवलं. मोठ्या इमारतीत प्रत्येक दाराला नंबर असतो, प्रत्येक खिडकीला असतो. डी-वन म्हणजे मुख्य दरवाजा, डब्ल्यू-वन म्हणजे दिवाणखान्याची खिडकी. ह्याच्या वाट्याला आला व्ही-वन. व्ही-वन म्हणजे संडासाची झडप. गृहसंकुलामागून गृहसंकुलं उभी राहिली, आणि हा झडपांची मापं तपासत राहिला. आई फोनवर विचारायची, 'काय बांधतोयस रे आता?' तो म्हणायचा, 'तेवीस मजली आहे.' खोटं नव्हतं. तेवीस मजल्यांना संडास असतातच.

मग टाळेबंदी आली, ऑफिस आकसलं आणि तो गावाला परत आला. येताना दोन गोष्टी आणल्या. एक ड्रॉइंग बोर्ड, ज्यावर त्याच्या आईने पहिल्याच उन्हाळ्यात पापड वाळत घातले, आणि दुसरी, आपण आपल्या मातीत आपल्या माणसांसाठी घरं बांधणार ही प्रतिज्ञा.

पहिलं गिऱ्हाईक आळेफाट्याकडचं. टोमॅटोत पैसा झालेला, बंगला बांधायचा होता. बोलणी माझ्या दुकानातच झाली, म्हणून जशीच्या तशी सांगतो.

'प्लॅनचे पैसे?' पाव्हणे म्हणाले. 'कागदाचे?'

'कागदाचे नाही. विचाराचे.'

'विचार तर आमचा झालाय की. पुढं दोन गोल खांब, खांबाला वर फुलं. आत हॉल. वर गच्ची. गच्चीत सिमेंटची बैलजोडी. तुमी फक्त रेघा मारायच्या.'

तरी ह्याने पंधरा दिवस खपून आराखडा केला. उन्हाची दिशा पाहिली, वाऱ्याची पाहिली, म्हाताऱ्या आईची खोली न्हाणीजवळ घेतली, आणि मधोमध चौक ठेवला. जुन्या वाड्यासारखा, वरून उघडा. पाव्हण्यांनी कागद उभा धरला, आडवा धरला.

'ह्ये मधी काय?'

'चौक. ऊन येईल, हवा येईल, पाऊस येईल.'

'पाऊस आत येईल?'

'तीच तर मजा.'

'शेठ,' पाव्हणे शांतपणे म्हणाले, 'पाऊस भाईर ऱ्हावा म्हनून तर घर बांधतोय ना मी?'

ह्या प्रश्नाला पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात उत्तर नाही. शेजारी बसलेल्या मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढली, माझ्याच युरियाच्या रिकाम्या गोणीवर चार रेघा ओढल्या, ईशान्येला देवघर टाकलं, आग्नेयेला चूल टाकली, दोन गोळे काढले, ते खांब. चहा निवायच्या आत बंगला पास. तो आज नगर-कल्याण रस्त्याला बैलजोडीसकट उभा आहे, आणि आर्किटेकशेठ तिथून जाताना मोटारसायकलवर असूनही दुसरीकडे बघतो. दोनदा त्यापायी खड्ड्यात गेला आहे. त्या मिस्त्रीबद्दल मात्र तो कधी वाईट बोलला नाही. 'त्याचा जिना बघितला का? एक पायरी कमी-जास्त नाही,' एवढंच म्हणाला.

त्यानंतर त्याचा दुसरा कालखंड सुरू झाला, तो यादीचा. आर्किटेक्चर शिकून दुसरीकडे गेलेल्या आणि तिथे नाव काढलेल्या माणसांची यादी त्याला तोंडपाठ आहे. माधव आचवल बडोद्याला आर्किटेक्चर शिकवता शिकवता मराठीत 'किमया' लिहून गेले. पुण्याचे जयू आणि नचिकेत पटवर्धन, नवरा-बायको दोघंही आर्किटेक्ट, त्यांनी चापेकरांवर '२२ जून १८९७' हा चित्रपट केला. अरुंधती रॉय दिल्लीला आर्किटेक्चर शिकल्या आणि १९९७ चं बुकर घेऊन आल्या. गोव्याचे मारिओ मिरांडा तर शहाणे, थोडे दिवस त्या वर्गात बसले, उठले आणि व्यंगचित्रं काढायला लागले. ही यादी तो नानांना ऐकवायचा. नाना कांद्याच्या पट्ट्या तपासत ऐकायचे. एकदा त्यांनीच भर घातली, 'आन् त्यो आपल्या देशमुखांचा रितेश? त्योबी तुझ्यातलाच ना?'

'हो. मुंबईला शिकला, मग सिनेमात गेला.'

'मग?'

'नाना, त्याचे वडील मुख्यमंत्री होते. माझे सोसायटीचे चेअरमन.'

नाना महिनाभर बोलले नाहीत.

यादीतल्या प्रत्येकाच्या वाटेने तो थोडाथोडा चालून आला. कादंबरी लिहायला घेतली. पहिल्या प्रकरणात नायक वाड्यात शिरतो. मी चाळिसाव्या पानापर्यंत वाचली, तोपर्यंत नायक जिन्यातच होता, पण जिना उत्तम होता. मग नारायणगावला गेला. पाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. ह्याने घडी घालता येणाऱ्या रंगमंचाचा आराखडा एका फडमालकापुढे ठेवला. मालक विठाबाईंच्या गावात मुरलेले. त्यांनी आराखडा पाहिला आणि म्हणाले, 'आज रात्री आमच्याबरोबर चला.' तो गेला. दिवस मावळायच्या वेळेला मोकळं रान, रात्री हजारो माणसांसमोर दिव्यांनी उजळलेलं थिएटर, आणि उजाडायला सगळं ट्रकात. सकाळी माझ्या दुकानात आला तो डोळे तारवटलेले, आणि वहीभर त्यांच्याच बांबूंच्या, दोऱ्यांच्या गाठींची चित्रं. 'मी त्यांना काय शिकवणार होतो?' म्हणाला. आपला आराखडा तिथेच विसरून आला होता. मालकांनी तो नंतर ढोलकीखाली टेकू म्हणून वापरल्याचं ऐकतो.

शेळ्यांचा गोठा हे प्रकरण थोडक्यात आटोपतो. आमच्याकडे ऊस आहे, उसात बिबट्या आहे, माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्रही आहे. तेव्हा बिबट्या शिरू शकणार नाही असा गोठा हवा, हे बरोबरच होतं. ह्याने बांधलाही भक्कम. फक्त शेळ्यांना दिवसा उजेड मिळावा म्हणून छपराला एक झरोका ठेवला. झरोक्याची कल्पना शेळ्यांपेक्षा बिबट्याला जास्त आवडली.

पण खरा बहरला तो गाइड झाल्यावर. २०१८ मध्ये सरकारने जुन्नरला विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, आणि अष्टविनायकाच्या गाड्यांना ओझर आणि लेण्याद्री एका सकाळीत उरकायचं असतं, हे सगळ्यांनाच माहीत. ह्याने तेवढी सकाळ हातात घेतली आणि तिची संध्याकाळ केली.

लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून माणसं वर येतात. घामाघूम, हातात दूर्वा, तोंडात मोरया. समोर गिरिजात्मज. आणि हा त्यांना दर्शनाच्या रांगेतून बाजूला काढून देवाकडे पाठ करून उभं करायचा. 'वर बघा! खांब दिसतो का? नाही दिसणार. एवढ्या दालनाला एक खांब नाही. भोवती वीस खोल्या, आणि मधे डोंगर नुसता तोलून धरलाय! बांधकाम करताना चुकलं तर पाडता येतं. कोरताना चुकलं तर? दगड परत चिकटवणार?' बोरिवलीच्या एका काकूंनी गुडघा चोळत विचारलं, 'ते सगळं खरं, पण पायऱ्यांऐवजी उतार का नाही केला?' बौद्ध भिक्षूंच्या वतीने त्याने तिथेच माफी मागितली.

तुळजा लेण्यात तर तो माणसांना जमिनीवर आडवं व्हायला लावायचा. ते चैत्यगृह गोल आहे, मधल्या स्तूपाभोवती बारा खांब, वर घुमट, आणि ते पाठीवर पडूनच बघायचं असा त्याचा आग्रह. पुण्याचे एक निवृत्त बँक मॅनेजर पडले आणि थंडगार दगडावर तिथेच झोपी गेले. सहलीतला सर्वांत समाधानी माणूस तोच. नाणेघाटात दगडी रांजण दाखवून तो सांगायचा की ही जकातीची पेटी, आणि मग सातवाहन राणी नागनिकेच्या लेखातले आकडे एकेक करून वाचायला घ्यायचा. तिकडे बसमध्ये ड्रायव्हर हॉर्न वाजवत असायचा.

त्याला स्वतःला सगळ्यांत जास्त प्रेम होतं ते लेण्यांतल्या दानलेखांवर. जुन्नरच्या लेण्यांना पैसा देणारे राजेच होते असं नाही. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याचा लेख आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी करणाऱ्यांच्या श्रेणींकडे पैसे ठेवून त्याच्या उत्पन्नातून दान चालवल्याचे लेख आहेत. 'म्हणजे बघा,' तो पर्यटकांना म्हणायचा, 'आपली बाजारपेठ, आपले व्यापारी, आपले बुरूड. दोन हजार वर्षांपूर्वी ह्यांनी चांगल्या कामाला पैसे दिले, आणि विचारलं नाही की कागदाचे का!' शेवटचं वाक्य पर्यटकांना कळत नसे. सहल कंपनीकडे अभिप्राय आला तो असा: माहिती भरपूर, जेवण पाच वाजता. काम गेलं.

मग काही महिने तो खरोखरच रिकामा होता. आणि आमच्याकडे रिकाम्या माणसाला पावसाळ्यात एकच काम असतं, कांदा निवडणं. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये काढतात आणि भावाची वाट बघत दिवाळीपर्यंत चाळीत ठेवतात. भाव येईल तेव्हा येईल, ओल आधी येते. नासक्या कांद्याचा वास हाच आमच्याकडचा ऑगस्ट. नानांची चाळ त्यांनी स्वतः उभी केलेली होती. खाली कोबा, पश्चिमेला पावसाला अडसर म्हणून विटांची भिंत, बाकी तिन्ही बाजूंना जुने पत्रे आणि शेततळ्याचा उरलेला कागद. पक्कं काम. दरवर्षी निम्मा-अर्धा माल उकिरड्यावर.

आईने पाटी हातात दिली, हा निवडायला बसला. पहिल्या दिवशी नाक दाबून, दुसऱ्या दिवशी वैतागून, तिसऱ्या दिवशी वही घेऊन. नासका कांदा कुठून निघाला ते लिहायला लागला. खालचा थर, मधला गाभा, भिंतीकडची बाजू. चाळीचा उभा छेद काढला, त्यात नासकीच्या जागा काळ्या केल्या, आणि ते चित्र बघत बसला. पुण्यात त्याने हजारो झडपा काढल्या होत्या, पण त्यातून हवा जाते की नाही, हे विचारायला तो कधी गेला नव्हता. आता उदबत्तीचा पुडा आणून ढिगाच्या फटीफटीत लावला आणि धूर कुठे वळतो, कुठे कोंडतो, हे रात्री बॅटरीच्या उजेडात बघायला लागला. नानांनी दुरून पाहिलं आणि आईला म्हणाले, 'चला, देवाला तरी लागला.'

दुसऱ्या दिवशी तो राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालयात गेला आणि संध्याकाळी पडलेला चेहरा घेऊन परत आला. त्याने जे जे शोधलं होतं ते सगळं तिथल्या माहितीत आधीच छापलेलं होतं. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचलून घ्या, खालून हवा खेळू द्या. ओळीची रुंदी चार फुटांच्या आसपास, ढिगाची उंची पाचच्या वर नको. एक पाखी चाळ दक्षिणोत्तर, दोन पाखी पूर्व-पश्चिम. बाजूला भिंत नको, पट्ट्या हव्यात. 'माझी कन्सेप्ट यांनी आधीच वापरली,' तो म्हणाला. आर्किटेक्टचं दुःख. मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं की कांद्याला हे माहीत नाही, त्याने वाईट वाटून घेऊ नये.

नानांची भिंत पाडायला मात्र एक पूर्ण आठवडा लागला, त्यातले सहा दिवस नानांशी बोलण्यात. 'पावसाचा मारा हितनंच येतो,' हा त्यांचा मुद्दा. ह्याने त्यांना मोटारसायकलवर घालून खोडदला नेलं. तिथे आपली रेडिओ दुर्बीण आहे, आसपासच्या गावांत मिळून पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस ताटल्या. 'नाना, ह्या पत्र्याच्या आहेत का?' नानांनी चष्मा वर केला. बारीक तारांची जाळी, ताणलेल्या दोरांवर पेललेली. 'ही दुर्बीण उभारणाऱ्या स्वरूप सरांनी वारा अडवलाच नाही. जाऊ दिला. म्हणून एवढी मोठी वस्तू हलकी झाली, स्वस्तात झाली आणि टिकली.' नाना बराच वेळ बघत राहिले आणि परत येताना म्हणाले, 'पाड भिंत. पन पाखं लांब काढ.' छपराची पाखं पुढे लांब काढणं, म्हणजे पाऊस बाहेर आणि वारा आत, ही अख्ख्या रचनेतली सर्वांत चांगली सूचना होती, आणि ती चेअरमनसाहेबांची होती. आर्किटेकशेठ हे उघड कबूल करतो, फक्त नानांसमोर नाही.

बांबूसाठी बुरुडाला आगाऊ रक्कम दिली आणि महिनाभर बांबू आले नाहीत. तेव्हाही तो शांत होता. म्हणाला, 'लेखात लिहिलंयच ना, ह्यांच्याकडे पैसे दिले की ती कायमची ठेव.'

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर नानांच्या चाळीतून जो माल निघाला, तो ओतूरच्या बाजारात लोकांनी हातात घेऊन दाबून पाहिला. कोंब नाही, काजळी नाही. भावही बरा होता, पण आमच्याकडे भावाचं श्रेय सरकारला देतात आणि टिकण्याचं माणसाला. आठवडाभरात पाच जण माझ्या दुकानात येऊन बसले. त्यात आळेफाट्याचे ते गोल खांबवाले पाव्हणेही होते.

आता जुन्नर-आंबेगावात, मंचरपासून ओतूरपर्यंत त्याच्या चाळी आहेत. घर बांधताना ज्याला विचाराचे पैसे द्यायला जड गेलं, तोच माणूस चाळीला मुकाट्याने देतो, कारण घरात माणूस सडला तर लवकर कळत नाही, कांद्याचं वजन काट्यावर दिसतं. टनाच्या हिशेबाने तो ठेका घेतो, आराखडा त्यातच. तरी तो ह्याला आर्किटेक्चर म्हणत नाही. 'काम आहे,' म्हणतो. पण प्रत्येक चाळीची फाइल आहे, फाइलवर 'सेक्शन ए-ए' आहे, आणि कुणी बाजूच्या पट्ट्यांवर उसाचं पाचट टाकलं तर तो घरी जेवत नाही. त्या पाव्हण्यांनी हट्ट केला, चाळीच्या पुढे दोन गोल खांब हवेतच. मला वाटलं, आता हा परत दुसरीकडे बघत जाणार. त्याने खांब दिले. आतून पोकळ, जाळीच्या विटांचे. पाव्हणे खूश, कांदे खूश.

घोडेगावच्या तहसील कचेरीत एका कारकुनाने फॉर्म भरून घेताना त्याला विचारलं, 'व्यवसाय? आर्किटेक्ट लिहू ना?' तर म्हणाला, 'आंबेगाव तालुका लिहिता ना तुम्ही रोज? आंबेगाव कुठाय?' ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, तालुका घोडेगावातून चालतो. कारकुनाने थोडा विचार केला आणि 'शेती' लिहिलं.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या कॉलेजची बॅच शिवनेरी बघायला आली आणि रात्री ह्याच्याकडे मुक्कामाला थांबली. सात-आठ जण. एक बंगळुरूला मोबाइल ॲपचे पडदे आखतो. एकीची कोथरूडला केकची बेकरी आहे, आणि तिचे तीन मजली केक अजून खचलेले नाहीत, ह्याचं श्रेय ती स्ट्रक्चरच्या सरांना देते. एक जण व्हिडिओ गेममधली शहरं उभारतो, तिथे पार्किंगचा नियम नाही म्हणून सुखात आहे. एक स्पर्धा परीक्षा देऊन फौजदार झाला. खरोखर आर्किटेक्ट राहिलेला असा एकच होता, आणि तोच सर्वांत थकलेला दिसत होता. पिठलं-भाकरी झाल्यावर सगळे बॅटऱ्या घेऊन चाळीत गेले. आत शिरल्याबरोबर सगळ्यांनी एकदम वर बघितलं. नाना दचकले. त्यांनीही वर बघितलं.

मग जुनी खोड जागी झाली आणि त्यांनी तिथेच ज्युरी मांडली. फौजदाराने पट्ट्यांमधलं अंतर बोटांनी मोजलं. बेकरीवालीने तळाखाली वाकून हवा लागते का पाहिलं. गेमवाल्याने फोटो काढले. थकलेल्या आर्किटेक्टने हाताची घडी घातली, चष्मा नाकावर घेतला आणि त्या जुन्या बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या सुरात विचारलं, 'हे सगळं ठीक आहे. पण ह्यामागची कन्सेप्ट काय?'

आर्किटेकशेठने तोंड उघडलं, पण नाना आधी बोलले.

'कांदा,' ते म्हणाले.

ज्युरी तिथेच संपली. बाकीचे हसत घराकडे वळले. थकलेला मागे रेंगाळला, पट्ट्यांवरून हात फिरवत राहिला, आणि हळूच म्हणाला, 'निफाडला सासऱ्यांचा कांदा दरवर्षी जातो रे. दोन पाखीचं एखादं ड्रॉइंग असलं तर पाठव ना. आपलं असंच, मेलवर.'

आर्किटेकशेठने चाळीचा आगळ लावला.

'प्लॅनचे पैसे पडतील,' तो म्हणाला.